बेचाळीस दायांचं दप्तर

पयली माही ओवी बाई, पयले धुते हात
नखाआडच्या मातीची लय वाईट जात

हा आवाज एका बाईचा नव्हता, डझनभर बायांचा होता. बावीस वर्षांपूर्वी तो खुशालरावांच्या कानात शिरला आणि बाहेर निघायचं विसरला. अमरावतीच्या एका जनानी दवाखान्याच्या मागच्या पडवीत तेव्हा दाई-वर्ग भरत असे. गावोगावच्या सुइणींना बोलावून बाळंतपणाची शास्त्रशुद्ध रीत शिकवायची, असा सरकारचा बेत होता. डॉक्टरीणबाई आपल्या परदेशी मराठीत तासभर धडा देत. बाया "हो जी, हो जी" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन-पुसून कोऱ्या येत. मग एका सकाळी बायांनीच धड्याची ओवी केली. डॉक्टरीणबाईंना शब्द कळले नाहीत, पण गाताना प्रत्येकीचे हात खरोखर पाण्यात होते, ते दिसलं. वर्गाच्या कारकुनाकडे वळून त्या म्हणाल्या, "बाबू, हेच लिहा."

कारकून म्हणजे खुशालराव. त्यांनी हजेरीपटात 'आज शिकवलेला धडा' या रकान्यात वळणदार अक्षरात ती ओवी उतरवली. पुढच्या दिवशी दुसरी:

दुसरी माही ओवी बाई, पान्यात कैची
उकळू दे सासूबाई, नाळ तुह्या नातवाची

सरकारी रकान्यात ओवी लिहिणारा मध्यप्रांत-वऱ्हाडातला आपण पहिलाच कारकून, अशी त्यांची समजूत होती. तिला छेद देणारा पुरावा कोणी आणला नाही. कारण त्यांच्याकडे कोणी येतच नसे.

आता सदतीस साल चाललं होतं. नोकरी संपून सहा वर्षं झाली होती. राजापेठेतल्या दोन खोल्यांत खुशालराव एकटे राहत. बायको इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली, मूलबाळ नाही. घरात दिवसभरात बोललं जाई ते एवढंच: जेवायच्या आधी हात धुताना ओठात येणारी ती ओवी. असो. माणसानं आपल्या दुःखाचे रकाने भरत बसू नये, फाइल उगाच जाड होते.

तर झालं असं की घरमालकानं दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. नागपूरच्या पुतण्याला लिहिलं तर त्याचं उत्तर आलं: "काका, जरूर यावे. जागा फार थोडी आहे. ती लोखंडी पेटी आणू नये. पेटीचे काय करायचे ते तिकडेच करावे." पत्रात काकांसाठी एक वाक्य होतं आणि पेटीसाठी दोन.

पेटीत दाई-वर्गाचं दप्तर होतं. अकरा वर्षांचे हजेरीपट, परीक्षांचे कागद, आणि पास झालेल्या बेचाळीस बायांची नावं, गावं, अंगठे. यातल्या एकीलाही लिहिता येत नव्हतं. त्या जगात होत्या याची लेखी खूण तेवढीच, आणि ती खुशालरावांच्या खाटेखाली. आपण नागपूरला गेलो की या बेचाळीस जणी कुठे जातील, या एका प्रश्नानं त्यांचं जेवण तुटलं.

त्याच सुमारास एका साप्ताहिकात अकोल्याच्या वऱ्हाड प्राचीन दप्तर मंडळाचं आवाहन छापून आलं: 'जुने कागद नष्ट करू नका. मंडळास अर्पण करा.' खुशालरावांनी ते कापून उशीखाली ठेवलं. दान करायचं ठरलं. दान ही या जगात सर्वांत सोपी गोष्ट आहे, असं ज्यांनी कधी केलं नाही त्यांना वाटतं.

पेटी अंगणात ऊन दाखवायला काढली तशी भिंतीपलीकडून माणिकबाई डोकावली. तिचा भाजीचा मळा होता आणि मतांचा त्याहून मोठा.

"बाबूजी, रद्दी काढली काय? मले देजा. मिरच्याचे पुडे बांधाले होतीन."

"माणिकबाई, ही रद्दी नाही. इतिहास आहे."

"मंग इतिहासात बांधीन. मिरचीले काय समजते?"

"यात बायांची नावं आहेत. सुइणींची."

"सुइणीचं नाव कोन पुसते जी? पोट दुखलं का बोलावते, पोरगं झालं का इसरते." मग तिनं भिंतीवरून मूठभर गवारीच्या शेंगा आत टाकल्या. "हे घ्या. अन् कागदं उन्हात लय ठेवू नका, माणसासारखे कडक होते."

रऊफमियाँ जिल्दसाजाचा सल्ला वेगळा होता. तो राजापेठेतल्याच दुकानात बसून शाळांच्या वह्या शिवत असे. त्यानं एक हजेरीपट उलटासुलटा केला, वास घेतला.

"बाबूजी, बगैर जिल्द का कागज म्हणजे बगैर चप्पल का नवरदेव. असं कोणाच्या दारात नेऊ नका. मी लाल कापडात बांधून देतो." मग आवाज खाली आला. "पन हे सरकारी दिसून राहिलं. घरात कसं काय?"

खुशालराव म्हणाले, "इतिहासासाठी ठेवलं." कसं ठेवलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

लाल कापडातलं गाठोडं घेऊन ते बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला पोचले. मंडळाचं कार्यालय एका वाचनालयाच्या माडीवर होतं. चिटणीस वामनराव म्हणजे निवृत्त वकील. ऐंशी टक्के चष्मा आणि वीस टक्के माणूस.

"मोडीत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाळबोध."

"शिक्के?"

"अंगठे आहेत."

"कोणाचे?"

"बाळंतपणं करणाऱ्या बायांचे."

वामनरावांनी चष्मा काढला. "अहो, आमच्याकडे सनदा येतात, जुन्या निवाड्यांचे महजर येतात. काही लढाई वगैरे आहे का यात?"

"आहे," खुशालराव म्हणाले. "रोजचीच."

हे उत्तर आपल्याला सुचलं याचं त्यांना इतकं नवल वाटलं की पुढची दोन मिनिटं ते तेच मनात घोळवत राहिले. तेवढ्यात वामनरावांनी सहज एक पान उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्या ओवीपाशी त्यांचा चष्मा हलला. ते हसत होते.

"समितीतले लोक कुरकुरतील," ते म्हणाले, "पण हे मी घेईन. फक्त कागद कुठून आले त्याला आधार हवा. दवाखान्याचं एक पत्र आणा, की हे आमचंच दप्तर आहे आणि मंडळाला द्यायला हरकत नाही. एवढी ओळ."

त्या एका ओळीला नऊ आठवडे लागले. दवाखान्यातल्या नव्या कारकुनानं खुशालरावांना बाहेरच्या बाकावर बसवलं. ज्या बाकावर आपण एकतीस वर्षं इतरांना बसवलं तो बसायला इतका टणक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "आपलं नाव?" त्या कारकुनानं विचारलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, त्याच्याही पुढच्या आठवड्यात विचारलं. नवव्या आठवड्यात लखोटा मिळाला. आत लिहिलं होतं: 'सदर दप्तर सन १९३१ मध्ये नियमानुसार जाळून नष्ट करण्यात आले आहे. सोबत दाखल्याची नक्कल जोडली आहे.'

नक्कल वाचायची गरज नव्हती. तो दाखला खुशालरावांनी स्वतःच लिहिला होता.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात हुकूम आला होता की बंद झालेल्या वर्गांचे कागद जाळावेत आणि तसा दाखला लिहावा. खुशालरावांनी हुकूम कधी मोडला नव्हता. त्यांनी आवारात होळी पेटवली, शिपायाला साक्षीला उभं केलं आणि 'माझ्या समक्ष जाळले' असं लिहून सही ठोकली. जळाली ती त्यांची घरची सतरा जुनी पंचांगं. बाया पोत्यात घालून ते घरी आले. सरकारला धूर हवा होता, धूर मिळाला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेला हा एकच गुन्हा, आणि तोही त्यांनी इतक्या सुवाच्य अक्षरात केला होता की नाकारायची सोय नव्हती.

दुसऱ्या खेपेला त्यांनी अकोल्याला हे सगळं मान खाली घालून सांगितलं. वामनरावांमधला वकील खडबडून जागा झाला.

"म्हणजे कागद खरे असतील तर तुमची सही खोटी, आणि सही खरी असेल तर कागद खोटे. मंडळानं कोणाला आत घ्यायचं?"

"मला नको," खुशालराव म्हणाले. "त्यांना घ्या."

वामनरावांनी गाठोडं आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "यातली एक तरी बाई जिवंत आणा. कुठल्याही रविवारी समितीपुढे अंगठा जुळला आणि तिनं साक्ष दिली, की दप्तर घेतो. नाही जुळला तर गाठोडं परत न्या."

खुशालरावांनी बेचाळीस गावांना पत्रं टाकली. नऊ उत्तरं आली. सहा बाया वारल्या होत्या. एक लेकीकडे गेली ती गेलीच. चांदूर बाजारकडच्या एका पाटलानं कळवलं की दाईचं माहीत नाही, मात्र गावची विहीर खचली आहे, साहेबांनी मनावर घ्यावं. एका गुरुजींनी लिहिलं, बाईचा पत्ता नाही, परंतु आपलं हस्ताक्षर मोत्यासारखं आहे. ते पत्र खुशालरावांनी तीनदा वाचलं. पत्रं संपली तशी त्यांनी उतरवून घेतलेली यादी उघडली आणि जवळचं गाव शोधलं: दर्यापूरजवळ, जमुनाबाई, पहिला नंबर, पंधरा साल. स्वतःच जाऊन पाहू म्हणाले.

दर्यापूरपर्यंत मोटार-लारी, पुढे काळ्या मातीतली पाऊलवाट. कापूस फुटला होता. कोटाला चिकटलेला कापूस झटकत ते गावच्या पाटलांच्या बैठकीत पोचले. उत्तमराव पाटलांनी जन्ममृत्यूची वही काढून बोट ठेवलं.

"जमुना दाई. हे पाहा, सव्वीस साली मेली."

खुशालराव बाहेर येऊन पारावर बसले. कोणी मेल्याचं कळल्यावर रडावं एवढं नातं नव्हतं आणि उठून चालू लागावं एवढं परकेपणही नव्हतं. तेवढ्यात वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई समोर थांबली.

"बाबूजी? हजेरीवाले बाबूजी?"

खुशालराव उठून उभे राहिले. "जमुनाबाई! अहो, तुम्ही तर मेलात!"

बाईनं बैठकीच्या दारात उभ्या पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी बाईकडे पाहिलं. मग पाटलांनी टोपी सारखी केली आणि त्यांना एकाएकी कापूस मोजायचा आठवला. ते गेले.

खुशालरावांना आनंद आवरेना. "पाहा ही सरकारी वही! धडधाकट बाई मारून ठेवली. माझ्या हजेरीपटात अकरा वर्षांत अशी एक चूक दाखवा. एक खाडाखोड नाही, जमुनाबाई, एक नाही!"

बाई भारा खाली ठेवत म्हणाली, "उन्हातून आले. भाकर खा."

पाटलाची बैठक सोडून दाईच्या ओट्यावर जेवायला बसलेला कोटवाला बाबू पाहायला निम्मं गाव जमलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. खुशालरावांनी सवयीनं हात धुताना ओवी पुटपुटली आणि बाईनं पुढची ओळ न थांबता म्हटली. किती वर्षांनी त्यांच्या ओळीला कोणी ओळ जोडली होती! ठेचा तिखट होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी जमलेल्या गावाला सांगितलं.

"घरी कोन हाये बाबूजी तुमच्या?"

"आहे ना. पेटी आहे." मग त्यांनी पेटीची गोष्ट सांगितली. होळीची, दाखल्याची, मंडळाची, नागपूरची. बाई ऐकत भाकर वाढत राहिली.

"म्हंजे माह्या अंगठ्यावाचून तुमचं अडून राहिलं?"

"माझं नाही. तुम्हा बेचाळीस जणींचं."

"अंगठाच द्याचा ना? बोलाचं तं नाई ना काई?"

"अंगठा फक्त."

तिनं चुलीतली राख उकरली. "येते मी," शेवटी म्हणाली. "तुमी आमाले कधी अगं-तुगं केलं नाई. साऱ्या दवाखान्यात तुमी एकले 'बाई' म्हनत होते."

रविवारी अकोल्याच्या माडीवर वामनरावांनी शाईची गादी मांडली. शेजारी समितीचे दोन सभासद बसले होते, एक शिलालेखवाले आणि एक झोपलेले. बाईनं अंगठा उठवला. वामनरावांनी भिंगातून नवा ठसा पाहिला, जुना पाहिला, पुन्हा नवा पाहिला. खुशालराव कोटाचं वरचं बटण लावत होते, काढत होते.

"जुळतो," वामनराव म्हणाले. "रेघ न् रेघ जुळते!"

झोपलेले सभासद जागे होऊन "अनुमोदन" म्हणाले. खुशालरावांना वाटलं, संपलं. बेचाळीस जणी घरी पोचल्या.

"आता ही साक्ष," वामनरावांनी कागद उचलला. "वाचून दाखवतो, मग खाली अंगठा करा. 'मी जमुना, राहणार तालुका दर्यापूर, शपथेवर लिहून देते की या दप्तरातील सर्व नावे खरी आहेत आणि त्यांपैकी पहिले नाव माझे आहे.'"

बाईनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"हे नाई करत मी."

"का?" वामनराव म्हणाले. "अंगठा तर तुमचाच आहे."

"अंगठा माहाच हाये. नाव नाई."

खुशालराव तिच्या कानाशी वाकले. "जमुनाबाई, घाबरू नका. नुसतं टेकवायचं."

"घाबरून नाई राहिली बाबूजी. शपथ हाये ना ते?" ती पदराला शाई पुसत म्हणाली. "जमुना माही सासू. गावची दाई थेच होती. पाटलानं यादीत थिचं नाव देल्लं. म्हातारी म्हने, साहेबाच्या दवाखान्यात गेलं का हात कापते. नाव बदलाले अर्ज कराचा तं सहा म्हयने लागते. पाटील म्हने, सून गेली काय अन् सासू गेली काय, घर एकच. मी आली."

"पण वर्षभर..." खुशालरावांनी हजेरीपट पुढे ओढला. "वर्षभर मी रोज सकाळी नाव पुकारलं!"

"तुमी पुकारत होते, मी उठत होती. सासूच्या नावानं हाक आली तरी उठाच लागते सुनेले."

शिलालेखवाले हसले आणि मग त्यांना आपण हसलो याची लाज वाटली.

"मंग सर्टिफिकेट भेटलं, थ्याच्यावरही म्हातारीचंच नाव. सांगतलं असतं तं काढून टाकलं असतं मले. पोटावर आलं असतं. म्हनून नाई सांगतलं कोनाले. म्हातारी मेली तं नावाची मेली, मी दाईच राह्यली. आता दर्यापूरले नर्स आली, मले कोनी बोलावत नाई. आता सांगतलं तं काय जाते? पन शपथेवर खोटं नाई बोलत मी. बाबूजी, माफ करजा. तुमचं काम बिघडवलं."

खुशालराव हजेरीपटाकडे पाहत होते. पहिलं पान, पहिली ओळ, मोत्यासारखं अक्षर, आणि चूक. या घडीला एक गोष्ट त्यांच्या हातात होती. 'नावात काय आहे, करा अंगठा,' असं म्हटलं असतं तर बाईनं त्यांच्यासाठी तेही केलं असतं. दप्तर आत गेलं असतं. बेखाडाखोड.

"वामनराव," ते म्हणाले, "साक्ष बदला. लिहा, दप्तर खरं आहे आणि पहिलं नाव चुकलं आहे. चूक कारकुनाची. तो कारकून मी."

"चुकीचं दप्तर मंडळ घेईल का?" शिलालेखवाल्यांनी शंका काढली.

वामनरावांनी भिंग खाली ठेवलं. "साहेब, मी चाळीस वर्षं बनावट कागद पाहिले. बनावट कागदात चूक नसते. एवढी साधी चूक फक्त खऱ्या कागदात होते." त्यांनी जुना मसुदा बाजूला सारला, कोरा कागद घेतला, टाक शाईत बुडवला. "हं. 'मी...' पुढे?"

पुढे नाव लागणार होतं. वामनरावांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांना तेव्हा उमगलं की एकतीस वर्षं लोकांना 'नाव सांगा' म्हणणाऱ्या आपण हिला विचारलंच नव्हतं. यादीतून वाचलं होतं.

ते बाईसमोर जाऊन उभे राहिले. दाराबाहेर बाकावर बसलेला माणूस आत येऊन उभा राहतो तसे.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं नाव काय?"

ती लाजली. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला, मागे सारला, पुन्हा पुढे ओढला. गाव तिला दाई म्हणत असे, नवरा होता तोवर तो "आयकतं काय" म्हणत असे, आणि सरकार जमुना.

"माहेरीच म्हनत होते जी," ती म्हणाली. "कोनी पुसलं नाई कधी." मग कुठल्या तरी पडवीत उभी असल्यासारखी ती ताठ झाली आणि साऱ्या माडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "शकुन. माह्यं नाव शकुन हाये, बाबूजी."